सहा हजार दोनशे

बंपरला गेले सहा हजार दोनशे.
कॅमेराही तेवढ्यातच, असं ठरवून
शुक्रवारी म्हापशाला गेले. बाजाराचा दिवस.
व्हॅन लावायला जागा मिळेपर्यंत साडेअकरा.

इनासच्या दुकानात नव्या सीट कव्हरांचा वास.
त्याने काउंटरवर सात डबे मांडले,
मासळीवाली वाटे लावते तसे,
डोळ्यांत भरणारा सगळ्यांत वर.
"पळय बाय, हा फोर के.
समोरच्या गाडीवरचा डाससुद्धा मोजशील."

मला डास मोजायचे नाहीत.
एप्रिलात, व्हाळशीच्या वळणावर,
काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांची भाड्याची जीप
मागून येऊन आदळली,
आणि आतला गॉगल मला म्हणाला,
तूच रिव्हर्स घेतलीस.
गाडेवाला कांदा कापत होता, त्याने मान वर केलीच नव्हती.
बाकावरच्या पंचांना नेमका तेव्हाच फोन.
दुसरीतली रेवती म्हणाली, मी पाहिलं.
शिपाई हसला,
आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

तर इनास, समोर कितीही के असोत,
माझं दुखणं मागे आहे.

मग त्याने चार डबे आपणच बाजूला सारले.
बॅटरीवालाही नको म्हणाला,
उन्हात काचेमागे सान्नासारखी फुगते ती,
कपॅसिटरवाला घे, दिसायला बावळट, पण टिकतो.
जीपीएस?
मये ते डिचोली, डिचोली ते मये.
मी कुठे आहे हे अख्ख्या वाड्याला ठाऊक असतं.
गाडी उभी असतानाही जागा राहणारा?
त्याला फ्यूजपासून वायर, आठशे वेगळे.
रात्री व्हॅन फणसाखाली असते.
फणस पडला तर पुरावा कुणावर लावू?

"कार्डात मात्र काटकसर नको," इनास म्हणाला.
"तेच पुसायचं, त्यावरच परत लिहायचं,
रोज, न थांबता.
साधं कार्ड सहा महिन्यांत मरतं."
हे मला समजावायची गरज नव्हती.

शेवटी उरले दोन डबे.
एकात तिसरं भिंग, आत बघणारं.
टॅक्सीवाले घेतात.
उल्हासचाही फोन आला, आतला घेच,
पालकांना बरं वाटेल.
वाटेल.
पण कुणाचा डबा कुणी संपवला,
कुणाची चड्डी ओली झाली
आणि कुणी त्याच्यापुढे दप्तर धरलं,
हे त्या अकरा जणांचं आपसांतलं आहे.
आणि शेवटचं मूल उतरल्यावर
तळ्याच्या कठड्याशी इंजिन बंद करून
मी पाच मिनिटं जे बोलते,
मोठ्याने, कुणाशीच नाही,
ते तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत
कुठेही साठून राहायला नको.

पुढे एक, मागे एक. पाच हजार शंभर.
कार्ड साडेनऊशे.
बसवणावळ त्याने घेतली नाही,
छताच्या कडेने वायर दडवत नेली,
पोरांची नखं पोचणार नाहीत अशी.
"आवाज?"
बंद.

उरलेल्या दीडशेचे बांगडे घेतले.

परतताना व्हाळशीला वेग आपोआप कमी झाला.
मागे कुणी नव्हतं, एक रिकामी बस सोडली तर.
गाडेवाला कांदाच कापत होता.
रात्री फोनवर पाहिलं तेव्हा कळलं,
मी पुढे गेल्यावर त्याने मान वर केली होती.
थेट मागच्या भिंगात बघितलं,
सुरी खाली ठेवली,
आणि केस नीट केले.